तीन स्टेशने आणि एक पाट

भाऊबीजेची ओवाळणी हा विषय आम्हा पुरुषांनी कधीच पाकिटात घालून बंद करून टाकला आहे. बँकेतून कोऱ्या करकरीत नोटा आणायच्या, वर रुपयाचे नाणे चिकटवलेले तयार पाकीट घ्यायचे आणि बहिणीने निरांजन ओवाळले की ते ताम्हनात ठेवून द्यायचे. बहीण म्हणते, "अरे, कशाला एवढे?" आपण म्हणतो, "असू दे गं." झाली भाऊबीज! गेली पन्नास वर्षे मी हेच करीत आलो. गेल्या वर्षी मात्र मी हातात करवत धरली. त्याची ही हकीकत.

आमची ताई बदलापूरला असते. १९७४ साली तिचे लग्न ठरले, तेव्हा आमची आई गिरगावच्या चाळीतल्या शेजारणींना मुलाची नोकरी आधी सांगे, पगार मग सांगे आणि गावाचे नाव अगदी शेवटी, पदराला हात पुसता पुसता सांगे. आम्हा गिरगावकरांच्या लेखी त्या काळी मुंबई कल्याणला संपत असे. पुढे मी स्वतःच डोंबिवलीला राहायला गेलो आणि आईचा तो संकोच माझ्याकडे पाहून कायमचा मावळला! तेव्हापासून दर भाऊबीजेला मी कर्जतची गाडी पकडतो. कल्याण सोडले की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि मग बदलापूर. मधल्या स्टेशनांची नावे मला तोंडपाठ होती. पण त्यांतल्या एकावरही मी उतरलो नव्हतो. खिडकीतून दिसते तेवढेच गाव, अशी माझी समजूत.

गेल्या वर्षी श्रावणात ताईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. ती उत्तम पार पडली. ताई महिन्याभरात काठी घेऊन घरातल्या घरात चालू लागली. पण डॉक्टरांनी एक अट घातली होती. जमिनीवर बसायचे नाही. कधीच नाही. मी भेटायला गेलो, तेव्हा ती खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, सूनबाई ओट्याशी उभी राहून प्लॅस्टिकच्या फळीवर दुधी चिरत होती आणि ताईची विळी कागदात गुंडाळून वरच्या कप्प्यात ठेवलेली होती.

"विळी वर गेली, मी खुर्चीत आले," ताई हसत म्हणाली, "आता या घरात माझे काही काम उरले नाही रे."

हसत म्हणाली खरे. पण परतीच्या गाडीत ते वाक्य माझ्या शेजारी येऊन बसले ते डोंबिवलीपर्यंत उठले नाही.

विळी म्हणजे काय, हे आपल्या घरातल्या बायकांना सांगायला नको. लाकडी पाट, त्यावर उभे पाते, टोकाला नारळाची खवणी. एक गुडघा उभा करून पाटावर बसायचे आणि भाजी पात्यावर न्यायची. सुरी भाजीकडे जाते. विळीकडे भाजी येते. बंगाल्यांच्या घरात हिलाच बोटी म्हणतात, तमिळ घरात अरुवामनै, आणि कानडीत ईळिगे मणे. कानडीतला 'मणे' म्हणजे पाटच. आमच्या ताईने पन्नास वर्षे विळीवर बसून भाजी चिरली आणि तिथूनच घर चालवले. दूधवाल्याचा हिशेब तिथून, मुलांचे पाढे तिथून, भाऊजींच्या राजकीय मतांचा समाचारही तिथूनच! विळीवरून उठली म्हणजे ती नुसत्या भाजीवरून उठली नव्हती.

बरे, प्लॅस्टिकच्या फळीवर टेबलाशी बसून चिरायला काय हरकत होती? तिने तेही करून पाहिले होते. फळी घसरते, सुरी खटखट वाजते आणि कोथिंबिरीला साबणाचा वास येतो, अशी तिची तक्रार. तेव्हा माझ्या मनात आले की, आपण हिला एक चांगली लाकडी फळी द्यावी. आणि विकत न घेता हाताने करून द्यावी.

हा बेत मी घरी जाहीर केला, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी आधी आयोडीनची बाटली कुठे आहे ते पाहिले. "अहो," त्या म्हणाल्या, "कॅलेंडरचा खिळा ठोकायला तुम्ही शेजारच्या मुलाला बोलावता." ते खरेच होते. पण निश्चय तो निश्चय.

* * *

लाकूड कुठे मिळेल, असे विचारले की आमच्या भागात कोणीही एकच उत्तर देतो: उल्हासनगर. तिथला फर्निचरचा बाजार प्रसिद्ध आहे. डोंबिवली, कल्याण, ठाण्याच्या किती संसारांचे पलंग आणि कपाटे तिथून आली असतील, त्याची गणती नाही. तर आश्विनातल्या एका सकाळी मी आयुष्यात प्रथमच उल्हासनगरच्या फलाटावर उतरलो.

या गावाला जुने गावपण नाही. दुसऱ्या महायुद्धात इथे सैन्याची छावणी होती. फाळणी झाली आणि सिंधमधून जीव मुठीत धरून आलेल्या लोकांना सरकारने त्या रिकाम्या बॅरकींत आणून ठेवले. लाखाच्या आसपास माणसे. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून छावणीचे उल्हासनगर झाले. तरी आजही पत्ता सांगताना लोक कॅम्प एक, कॅम्प दोन असेच सांगतात. पाच कॅम्प आहेत. 'मेड इन यूएसए'चा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा जुना विनोद आपण सर्वांनी ऐकला आहे. पण हसताना एक गोष्ट विसरायला होते. ज्यांचे सर्वस्व गेले होते, त्यांनी कुणापुढे हात पसरला नाही. हाताला लागेल ते बनवले आणि विकले.

बाजारात मी दुकानामागून दुकान पाहत गेलो. चकचकीत सोफे, आरसे जडवलेली कपाटे, पाळणे. 'भाजी चिरायची फळी करायला लाकूड हवे' म्हटले की तरुण विक्रेते माझ्याकडे दयेने बघत. शेवटी एका लहानशा दुकानात एक वृद्ध गृहस्थ भेटले. ऐंशी ओलांडलेली, पांढरा सदरा, स्वच्छ मराठी. त्यांनी मला बसवून चहा मागवला.

"साईं," ते म्हणाले, "आता इथे बहुतेक सगळा प्लाय आणि दाबलेला भुसा. वरून सागवान दिसतो, आत कागद. अन्न ज्यावर चिरायचे ते एकसंध लाकूड पाहिजे. वखारीत मिळेल, पण सुकलेले बघून घ्या. ओल्या लाकडाच्या नादी लागू नका."

मग मी ही फळी कुणासाठी, कशासाठी, ते सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि आपलीच गोष्ट सांगू लागले. शिकारपुरात त्यांचे घर होते. घरात पींघो होता, म्हणजे मोठा सिंधी झोपाळा. हाला गावच्या कारागिरांनी लाखेच्या रंगांनी रंगवलेला. १९४७ साली घर सोडले, तेव्हा ते चार वर्षांचे होते. कराचीहून बोटीने निघायचे. झोपाळा कसा आणणार? त्यांच्या आईने त्याच्या पाठीची एक कातीव दांडी उपटली आणि गाठोड्यात घातली. लोक हसले. बॅरकीत आल्यावर तिने ती दांडी दोन्ही टोकांना कापली, घासली आणि तिचे लाटणे केले.

"त्या लाटण्याने तिने पापड लाटले," ते म्हणाले, "पहिल्यांदा घरासाठी, मग विकायला. माझी शाळेची फी त्याच पापडांची. झोपाळा आणला असता, तर तो विकून महिनाभर खाल्ले असते."

मी त्यांचे आभार मानून उठलो. आता त्यांचा सल्ला मी ऐकायला हवा होता. पण शहाणपण ऐकण्याआधी ते स्वतःच्या खर्चाने शिकण्याची मला सवय आहे. एका वखारीत बाभळीची नुकतीच कापलेली सुंदर फळी दिसली. जड होती, म्हणून मला वाटले मजबूत असणार! वजन बाभळीचे थोडे आणि पाण्याचे फार, हे मला कळले नाही. घरी आणून ती मी गॅलरीत उन्हात ठेवली. आठ दिवसांनी ती केळीच्या पानासारखी वाकली होती आणि दोन्ही टोकांना बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. एक इंच जाडीच्या फळीला सावलीत, हवेशीर जागी एक वर्ष, असा जुन्या सुतारांचा हिशेब आहे. मी तिला आठ दिवस दिले होते, तेही आश्विनातल्या उन्हात!

भाऊबीज तीन आठवड्यांवर आली होती.

* * *

त्या रात्री पाण्याच्या टाकीकडे बघायला म्हणून मी माळ्यावर चढलो आणि कोपऱ्यात पाट दिसले.

आमचे सहा पाट होते. फणसाच्या लाकडाचे, वडिलांनी राजापुराहून बोटीने मुंबईला आणलेले. चाळीत कुणाकडे मुंज-लग्न निघाले की पंगतीसाठी पाट एकमेकांकडे जात. परत येताना अदलाबदल होऊ नये, म्हणून वडिलांनी प्रत्येकाच्या पाठीवर लाल तेलरंगाने आकडे घातले होते, १ ते ६. पुढे घरात जेवणाचे टेबल आले आणि पाट माळ्यावर गेले. चार नंबरचा पाट एका कडेपासून तीन इंचांवर उभा फुटला होता. तो काही आता बसायच्या कामाचा राहिला नव्हता.

फणसाचे लाकूड. पन्नास-साठ वर्षे सुकलेले. एकसंध.

मी तो पाट खाली आणला आणि मग रात्रभर झोप लागली नाही. पाट म्हणजे काही नुसते लाकूड नव्हे. त्यावर वडील पूजेला बसत. त्यावर ताईला लग्नाच्या दिवशी हळद लागली. गणपती पाटावरून येतो आणि पाटावरूनच जातो. पाटाला चुकून पाय लागला तर आम्ही नमस्कार करीत असू. आणि मी त्यावर करवत चालवून, कांदा-लसूण चिरायला द्यायचा? सौभाग्यवतींना विचारले, तर त्या म्हणाल्या, "तुमच्या घरातला पाट. तुम्हीच ठरवा." हे उत्तर बायका देतात तेव्हा त्यांचे मत ठरलेले असते, फक्त ते आपल्याला शोधून काढायचे असते.

पहाटे मला ते लाटणे आठवले. मी पाट वर्तमानपत्रात गुंडाळला.

* * *

या वेळी अंबरनाथला उतरलो. ओळखीच्या एकाने तिथल्या एका सुताराचे नाव सांगितले होते. कारखान्यांच्या यंत्रांसाठी लाकडी पेट्या करण्याचा त्यांचा व्यवसाय. विम्को नाक्याच्या पलीकडे पत्र्याची शेड.

विम्को हे नाव आता नाक्याला उरले आहे. १९२३ साली स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा आगपेट्यांचा कारखाना इथे होता. आमच्या सुतारमामांचे वडील त्यात कामाला होते. मामा सांगत होते, अख्खा ओंडका यंत्रात फिरवायचा आणि पेन्सिलीला टोक काढताना साल निघते तशी त्याची लांबच लांब पातळ पट्टी सोलून काढायची. मग पट्ट्यांच्या थप्प्या करून काड्या कापायच्या. विझल्यावर काडीचा निखारा राहू नये म्हणून त्या औषधी पाण्यात भिजवायच्या, वाळवायच्या, टोके मेणात बुडवायची आणि शेवटी त्यावर गुल चढवायचा. सावरीसारखे मऊ लाकूड त्याला लागे. एवढे झाड, आणि त्याचे आयुष्य काडीमागे काही क्षणांचे! "म्हणून बाबा म्हणायचे," मामा हसले, "आपण सुतारच बरे. आपले लाकूड माणसापेक्षा जास्त जगते."

मी पाट पुढे केला. त्यांनी तो उलटा केला, बोटाने फुटीवरून रेघ ओढली आणि पाट का फुटला ते एका मिनिटात सांगितले. पाटाला खालून दोन आडव्या पट्ट्या असतात, बसणारा जमिनीपासून उंच राहावा म्हणून. त्या पट्ट्या खिळ्यांनी गच्च ठोकलेल्या होत्या. लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगते, उन्हाळ्यात रुंदीलाच आकसते. लांबीला ते जवळजवळ हलत नाही. रुंदी आकसायला निघाली, खिळ्यांनी ती धरून ठेवली. मग बिचारे लाकूड फुटेल नाहीतर काय करील?

"तुम्ही द्या करून," मी म्हणालो, "काय होतील ते पैसे देतो."

"काका, मी केली तर ती माझी फळी होईल," मामा म्हणाले. "बहिणीला तुम्ही देणार ना? मग तुम्ही करा. मी बघतो."

चार दिवस मी डोंबिवलीहून अंबरनाथला डबा घेऊन गेलो. निवृत्त होऊन नऊ वर्षे झाल्यावर पुन्हा गाडीत डबा! ज्या वाचकांना हा उद्योग करून पाहायचा असेल, त्यांच्यासाठी मी शिकलो ते थोडक्यात सांगतो. जुने लाकूड घेतले, तर आधी त्यातला खिळा न् खिळा काढा. एक राहिलेला खिळा रंध्याच्या पात्याला खांडा पाडतो. मी पाडला आणि मामांनी न बोलता पाते अर्धा तास घासले. करवतीला जोर लावायचा नाही, तिला तिच्या चालीने जाऊ द्यायचे. फुटका तीन इंचांचा भाग मी काढून टाकला. उरलेल्यातून बारा इंच लांब आणि दहा इंच रुंद तुकडा कापला. दोन तासांचे काम, खांदा चार दिवस दुखत होता.

मग रंधा. लाकडाच्या रेषा ज्या बाजूला चढतात त्या बाजूने रंधा मारावा, उलटा मारला की कपचे निघतात. पहिल्या दहा-बारा हातांना नुसती काळी भुकटी आली. साठ वर्षांचे तेल, धूर आणि पंगतींचे डाग. आणि मग एकदम रंध्याच्या तोंडातून पिवळीधमक कुरळी साल बाहेर आली. हळदीसारखी पिवळी! फणसाचा गाभा आतून असाच असतो. त्याच्या भुकटीपासून निघणाऱ्या पिवळ्या रंगात बौद्ध भिक्षूंची चीवरे रंगवीत असत. हवा आणि उजेड लागून तो हळूहळू तपकिरी होतो. मी हात थांबवून बघत राहिलो. ज्या पाटावर ताईला हळद लागली, तो आतून पिवळाच होता, आणि आम्हाला कुणाला ते ठाऊक नव्हते.

पाठीची बाजू मी रंधली नाही. तिथे लाल तेलरंगातला ४ होता. मामांनी विचारलेही नाही.

कडा आणि कोपरे कानशीने गोल केले, हाताला टोचू नयेत म्हणून. मग पॉलिश पेपर. आधी ८० नंबरचा, मग १२०, मग २२०. त्यानंतर ओल्या फडक्याने फळी पुसायची. लाकडाचे बारीक तंतू उभे राहतात. वाळल्यावर ते पुन्हा घासायचे. हे दोनदा केले, तर नंतर धुतल्यावर फळी खरखरीत होत नाही.

आता फळी टेबलावर घसरू नये, याची युक्ती मामांनी काढली. पाटाची जुनी पट्टी त्यांनी माझ्याकडून फळीच्या पुढच्या कडेखाली बसवून घेतली, म्हणजे टेबलाच्या काठाला ती अडते आणि खुर्चीत बसलेल्या माणसाने कितीही जोर लावला तरी फळी मागे सरकत नाही. पण या वेळी खिळे नाहीत. तीन स्क्रू. मधला घट्ट, कडेच्या दोन स्क्रूंची पट्टीतली भोके लांबट, लाकडाला श्वास घ्यायला जागा. "धरायचे एका जागी," मामा म्हणाले, "बाकी ठिकाणी सैल सोडायचे. मग फुटत नाही." मी पन्नास वर्षांच्या संसारात हे कुणाकडून इतक्या थोडक्यात ऐकले नव्हते.

शेवटी तेल. व्हार्निश लावायचे नाही. सुरीने त्याचे कपचे निघून भाजीत जातात. गोडे तेल लावायचे नाही. त्याला कालांतराने खवट वास येतो. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळते, ते लावायचे. ते पोट साफ होण्यासाठी घेतात, त्यामुळे मोठी बाटली मागितल्यावर दुकानदाराने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले, ते मी सोसले. तेल भरपूर लावायचे, जिरू द्यायचे, पुसायचे आणि पुन्हा लावायचे.

"जिरेपर्यंत देवळात जाऊन या," मामांनी मला पिटाळले.

अंबरनाथचे शिवमंदिर वालधुनी नदीच्या काठी आहे. नदीची अवस्था काय सांगावी? कारखान्यांच्या सांडपाण्याने तिची गटारगंगा झाली आहे. पण वळणावरून देऊळ दिसले आणि मी पायांतल्या वहाणा काढण्याआधीच थांबलो. काळा पाषाण, आणि त्यावर बोटभर जागा कोरल्याशिवाय सोडलेली नाही. इथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० हा काळ आहे; शिलाहारांचे राज्य होते. गाभारा जमिनीच्या पातळीखाली. वीसएक पायऱ्या उतरून जावे लागते. वरचे शिखर अपुरे, त्यामुळे पिंडीवर आकाश दिसते. या देवळाची चित्रे मी पुस्तकांत पाहिली होती आणि गाडीने त्याच्या जवळून शेकडो वेळा गेलो होतो!

माझ्यापुढे एक बाई दुधाची पिशवी घेऊन पायऱ्या उतरत होती, बहुधा कामावर जाता जाता. साडेनऊशेहून अधिक वर्षे झाली. देऊळ जपून ठेवलेले नाही, ते वापरात आहे. पायऱ्या मधोमध झिजल्या आहेत. तिथे बसलो असताना पाट कापल्याची माझ्या मनातली उरलीसुरली बोच बरीच कमी झाली. सगळी गेली, असे मात्र म्हणत नाही.

परत आलो तेव्हा फळीने तेल पिऊन टाकले होते आणि मधासारखा रंग धरला होता. उरलेल्या तुकड्याकडे बोट दाखवून मामा म्हणाले, "हा वहिनींना. नाहीतर घरी जेवण मिळायचे नाही." त्यामुळे मी दोन फळ्या केल्या. दुसरी पहिलीपेक्षा चांगली झाली, हे ताईला सांगू नये.

* * *

भाऊबीजेला बदलापूरला उतरलो. मुंबईपासून ६८ किलोमीटर. इथे पूर्वी प्रवासी आणि जासूद घोडे बदलीत, म्हणून बदलापूर, असे सांगतात. आता इथे माणसे गाड्या बदलतात; सकाळच्या मुंबईच्या गाडीत पाय ठेवायला जागा मिळवणे, हा इथल्या लोकांचा रोजचा पराक्रम. ताई लग्न होऊन आली तेव्हा इथे भातशेती आणि जांभळाची झाडे होती. आज त्यांच्या जागी इमारती आहेत, पण पावसाळ्यात उल्हास नदी आपली जुनी जागा विसरत नाही. २६ जुलै २००५ ला ती गावात आली, २०१९ च्या जुलैतही आली. त्या वेळी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. दोन्ही पुरांत ताईने पहिल्यांदा विळी उचलून माळ्यावर ठेवली होती, असे भाऊजी अजून सांगतात.

ओवाळून झाल्यावर मी पाकिटाऐवजी वर्तमानपत्राचे पुडके पुढे केले. ताईने ते सोडले. फळीवरून तळहात फिरवला. "कुठून आणलीस?"

"केली."

"तू?" भाऊजींनी चष्मा वर केला.

"मामा, लाकडात जंतू राहतात ना?" सूनबाईने हळूच विचारले. रास्त प्रश्न; माझ्या मुलानेही फोनवर तोच विचारला होता, त्यामुळे माझी तयारी होती. १९९० च्या दशकात अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लायव्हर यांनी हे तपासून पाहिले होते. लाकडात गेलेले जंतू आत शोषले जातात आणि बहुतेक पुन्हा वर येत नाहीत. उलट सुरीचे चरे पडलेली प्लॅस्टिकची फळी हाताने धुऊन साफ करणे कठीण, असे त्यांना आढळले. फळी धुऊन उभी वाळवायची, पाण्यात बुडवून ठेवायची नाही, आणि कच्च्या मासळीला वेगळी ठेवायची, एवढे पथ्य.

माझे व्याख्यान चालू असताना ताईने फळी उलटी केली होती.

तिचे बोट त्या लाल आकड्यावर थांबले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मी खिडकीबाहेर बघू लागलो.

"चार नंबर," ती म्हणाली. "माझा होता हा. बाबांच्या उजव्या हाताला." मग थोड्या वेळाने, "बाबांना हे आवडले नसते."

"नसते," मी म्हणालो. खोटे कशाला बोला?

"आईला आवडले असते." तिने फळी सरळ केली, खुर्ची टेबलाशी ओढली आणि पट्टी काठाला अडकवून दोन्ही हातांनी दाबून पाहिली. ती हलली नाही. "सूनबाई, ती फरसबी इकडे आण. आणि धारेची सुरी दे, ती बोथट नको. आणि काय गं, भाताला आधण ठेवलेस का? आणि तुम्ही, पेपर ठेवा आता. लसूण सोला."

भाऊजींनी पेपर ठेवला. घरात पुन्हा विळीवरचा आवाज ऐकू येत होता, फक्त दीड हात उंचावरून.

निघताना मी खिशातले पाकीटही काढले. नको म्हणेल, असे वाटले होते. "आण इकडे," ती म्हणाली, "घरातल्याच लाकडावर भागवतोस की काय?"

परवा तिचा फोन आला होता. फळीवर आता सुरीच्या पुष्कळ रेघा पडल्या आहेत, पिवळा रंग जाऊन ती जुन्या पाटासारखी तपकिरी दिसायला लागली आहे आणि जरा कोरडी वाटते. तेव्हा यंदा भाऊबीजेला येताना तेलाची बाटली आणायची आहे. आणि पाकीटही, हे तिने वेगळे सांगितले.